ऑक्सिटोसिन आणि सामाजिक वर्तन

ऑक्सिटोसिन हे मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये तयार होणारे व पीयूषिका ग्रंथीतून रक्तात सोडले जाणारे संप्रेरक आहे. प्रसूतीच्या वेळी ते गर्भाशयाचे आकुंचन घडवते. मेंदूतील चेतापेशींच्या संदेशवहनातही त्याचा सहभाग असतो. व्हिन्सेंट डू व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार केले.

संशोधन

उत्तर अमेरिकेतील प्रेअरी व्होल हा उंदरासारखा प्राणी दीर्घकाळ एकाच जोडीदारासोबत राहतो. या जोडीबंधाशी मेंदूतील ऑक्सिटोसिन ग्राहींचा संबंध असल्याचे प्रयोगांत आढळले. त्यामुळे स्वमग्न मुलांना इतरांशी संवाद साधताना येणाऱ्या अडचणी या संप्रेरकाने कमी होतील, अशी अपेक्षा निर्माण झाली.

उपचार

अमेरिकेत ३ ते १७ वर्षे वयाच्या २९० स्वमग्न मुलांची चाचणी घेण्यात आली. एका गटाला २४ आठवडे नाकावाटे ऑक्सिटोसिनचा, तर दुसऱ्या गटाला औषधविरहित फवारा देण्यात आला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांच्या सामाजिक वर्तनात लक्षणीय फरक दिसला नाही. पुढे २०२३ मध्ये, ग्राहीचे जनुक निकामी केलेले व्होलही जोडी बांधतात असे आढळले. स्वमग्नतेवरील सिद्ध उपचारांत ऑक्सिटोसिनची गणना होत नाही.