बटाट्याच्या शेतातील बिनतारी जाळे

१८४५ मध्ये आयर्लंडमधील बटाट्याची पाने काळी पडू लागली आणि बघता बघता उभे पीक कुजले. त्यानंतरच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावली. हा रोग म्हणजे उशिराचा करपा. फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव त्याला कारणीभूत असतो. हवा थंड व दमट असली आणि पाने बराच वेळ ओली राहिली, की तो झपाट्याने फैलावतो. धोका नको म्हणून शेतकरी ठरावीक दिवसांनी औषध फवारत राहतो. त्यात पैसा तर जातोच, शिवाय माती-पाण्यात विषही मिसळते.

गरज असेल तेव्हाच फवारणी करता येईल का? त्यासाठी हवामान केंद्रावरील नोंदी पुरत नाहीत, कारण पानांच्या दाटीतील हवा मोकळ्या हवेपेक्षा वेगळी असते. मोजमाप पिकातच व्हायला हवे.

हा विचार घेऊन नेदरलँड्समधील संशोधकांनी २००५ मध्ये ‘लोफार ॲग्रो’ हा प्रयोग केला. ड्रेन्थ प्रांतातील एका बटाट्याच्या शेतात शंभराहून अधिक लहान पेट्या बसवण्यात आल्या. बहुतेक पेट्यांत तापमान व आर्द्रता मोजणारे संवेदक, छोटा संगणक, रेडिओ आणि विद्युतघट होते. दूरवर थेट संदेश पाठवण्याइतकी शक्ती एका पेटीत नसते. म्हणून रांगेतील मुले वह्या हातोहात पुढे देतात, तसे एक पेटी आपले आकडे शेजारच्या पेटीकडे देते आणि ती ते पुढे धाडते. यालाच बिनतारी संवेदक जाळे म्हणतात.

कल्पना चांगली होती, पण शेताने परीक्षा पाहिली. पीक वाढले तसा पानांचा अडथळा होऊन रेडिओचा पल्ला घटला. म्हणून केवळ संदेश पुढे देणाऱ्या काही पेट्या उंचावर लावाव्या लागल्या. याउलट रात्री आणि पावसात संदेश अधिक चांगले पोहोचतात, असे पूर्वचाचण्यांत आढळले होते. खरा घात संगणकप्रणालीने केला. ऐनवेळी केलेले बदल पुरेसे तपासले गेले नव्हते. रेडिओ सतत चालू राहिल्याने विद्युतघट काही दिवसांतच संपले. अखेर मिळू शकणाऱ्या माहितीपैकी जेमतेम २ टक्केच हाती आली.

संशोधकांनी हे अपयश झाकले नाही. २००६ मध्ये त्यांनी प्रत्येक चूक कारणासह प्रसिद्ध केली. जे बिघडू शकते ते बिघडतेच, या ‘मर्फीच्या नियमा’वरून त्यांनी निबंधाचे नाव ठेवले : ‘मर्फीला बटाटे आवडतात’. प्रयोगशाळेतील टेबलावर चाललेले यंत्र शेतात चालेलच असे नाही, हा त्याचा धडा.

त्याच दशकात मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी नाशिकच्या सुला द्राक्षमळ्यात असेच जाळे वापरून पाहिले. तेथेही प्रश्न तोच होता : रोगाला पोषक हवा वेळीच कशी ओळखावी?

शाळेच्या बागेत दाट झाडीत एक व मोकळ्यावर एक असे दोन तापमापक सावलीत ठेवून विद्यार्थ्यांना आठवडाभर नोंदी घेऊ द्याव्यात. पिकातच मोजमाप का करायचे, याचे उत्तर त्यांना आपोआप सापडेल.