गुहेतील माग्दालेना

मावळातील भाजे येथे भिक्षूंच्या दगडी कोठड्यांत डोकावले, की एकांत आणि तपश्चर्या यांचे नाते आम्हांस निराळे समजावून घ्यावे लागत नाही. युरोपातील प्रबोधनकालीन चित्रकारांनीही पश्चात्तापदग्ध मरिया माग्दालेनेला रानात वा गुहेतच बसविले. फ्रान्समधील प्रोव्हान्सच्या गुहेत तिने ३० वर्षे तप केले, अशी आख्यायिका होती. टिशियनने तिला पुनःपुन्हा रंगविले. सुमारे १५३१ ते १५३५ या काळातील, फ्लॉरेन्सच्या पिट्टी राजवाड्यातील चित्रात मोकळे सोनेरी केस हेच तिचे वस्त्र आहे. सुमारे १५६५ मधील, हर्मिटाज संग्रहालयातील चित्रात अंगावर वस्त्र आले, पुढ्यात कवटी आणि ग्रंथ आला. अश्रू मात्र तेच!

१७ व्या शतकात गोव्यात हस्तिदंती ‘उत्तम मेंढपाळ’ कोरले जात. डोंगरमाथ्यावर बाल येशू, उतारावर मेंढरे आणि पायथ्याच्या गुहेत पहुडलेली माग्दालेना. आम्हांला ही रचना टिशियनहूनही अधिक भावते. येथे ती एकाकी नाही, मेंढपाळाच्याच डोंगरात तिला आसरा आहे.

परंतु ती पापिणी होती, असे शुभवर्तमान कोठेच म्हणत नाही. तिच्यातून सात भुते निघाली, एवढेच लूक सांगतो. त्याच्याच शुभवर्तमानातील अनामिक पापी स्त्री, बेथानीची मरिया आणि माग्दालेना या तिघींना पोप ग्रेगरी यांनी ५९१ च्या प्रवचनात एकच मानले, आणि चित्रकार त्याच वाटेने गेले. १९६९ च्या सुधारित उपासना-पंचांगाने हा घोळ दूर केला. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्या २२ जुलैच्या स्मरणदिनास सणाचा दर्जा दिला, तो पुनरुत्थानाची वार्ता प्रेषितांकडे नेणारी म्हणून.