गस्त घाला, पण नावं लिहून



सध्या तालुक्यात चोऱ्यांपेक्षा चोऱ्यांच्या अफवाच जास्त आहेत. व्हॉट्सॲपवर मेसेज पडला की पोरं काठ्या-बॅटऱ्या घेऊन वेशीवर बसतात. गावानं गावाची राखण करणं काही नवीन नाही. पण जुनी राखण कशी चालायची, हे माहीत असलेलं बरं.

पूर्वी पाटलाच्या हाताखाली जागल्या, रामोशी, महार राखण करायचे. चोरी झाली की रामोशी माग काढायचा. माग शेजारच्या शिवेत गेला की जबाबदारी त्या गावाची. गावातच विरला, तर राखणदारानं भरून द्यायचं. म्हणजे राखणदार कोण, हे अख्ख्या गावाला ठाऊक असायचं आणि त्याला जाब विचारता यायचा.

त्या व्यवस्थेचं गुणगान मात्र मी करणार नाही. काम जातीनं लादलेलं होतं आणि मोबदला तुटपुंजा. म्हणून तर बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं. इंग्रजांनी रामोशांकडची किल्ल्यांची राखण काढून घेतली, त्यातून बंड पेटलं. ३ फेब्रुवारी १८३२ ला उमाजी नाईकांना पुण्यात फाशी दिली.

स्वातंत्र्यानंतर वतनं गेली, १९६२ च्या कायद्यानं वंशपरंपरागत पाटीलकी गेली आणि १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानं आजचा पोलीस पाटील आला. नेमणूक प्रांतांकडून, स्वतःची शेती सांभाळून काम, पगार नाही तर मानधन. २०२४ मध्ये ते पंधरा हजार झालं. होमगार्डही असेच, घरचा कामधंदा सांभाळून बंदोबस्ताला उभे राहणारे. ही संघटना दंगलीच्या काळात ६ डिसेंबर १९४६ ला मुंबई प्रांतात सुरू झाली. ग्राम सुरक्षा दलाचंही तसंच, पोरं गावातलीच, पण यादी पोलीस ठाण्यात.

आता दुसरी बाजू. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा होती. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. दोन वर्षांनी, एप्रिल २०२० मध्ये, पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर. तिथंही चोरांची अफवा होती आणि गावं रात्री जागत होती.

दोन्ही ठिकाणी लोकांना आपण गाव राखतोय असंच वाटत असणार. पण जमावाला नाव नसतं, कुणाचा हुकूम नसतो आणि थांबवणाराही नसतो. पुढं कोर्टाच्या चकरा मात्र नावानिशी माराव्या लागतात, आणि गेलेली माणसं परत येत नाहीत.

म्हणून पोरांनो, गस्त जरूर घाला. पण आधी पोलीस पाटलाकडं नावं द्या, ठाण्याला कळवा. पाळ्या ठरवा, सोबत एखादा जाणता माणूस ठेवा. दारू पिऊन कुणी येणार नाही, हे बघा. अनोळखी माणूस दिसला तर थांबवा, विचारा, ११२ ला फोन लावा. हात उचलू नका. बहुरूपी, मेंढपाळ, ऊसतोड मजूर, फेरीवाले रात्री-अपरात्री रस्त्यावर असतातच. त्यांचं पोटच रस्त्यावर आहे.

तुमच्या गावात गस्त सुरू असेल, तर यादी केलीय का, तेवढं कमेंटमध्ये सांगा. केली नसेल, तर उद्या सकाळी पहिलं काम तेच करा.