भांडखोर आणि विसराळू

१९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या दोघा अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी वेबस्टरचा जाडजूड इंग्रजी कोश पहिल्या पानापासून उपसला. माणसामाणसांतला फरक सांगणारा एकूण एक शब्द त्यांना हवा होता. हाती लागले १७,९५३ शब्द. या उद्योगामागचा तर्क साधा होता. जो फरक माणसांना रोजच्या व्यवहारात महत्त्वाचा वाटतो, त्याला भाषा कधी ना कधी नाव देतेच. तेव्हा स्वभावाचा नकाशा काढायचा तर आधी कोश उघडावा. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८४ मध्ये हीच वाट दाखवली होती. पुढे रेमंड कॅटेल यांनी ऑलपोर्ट-ऑडबर्टची यादी छाटत छाटत सोळा गुणघटकांवर आणली, आणि नंतरच्या संशोधकांनी पाचांवर. आज जगभर वापरले जाणारे स्वभावाचे ‘पाच मोठे घटक’ ते हेच.

मला मात्र पाचांपेक्षा मूळचा ढिगारा जास्त मोलाचा वाटतो. दोघांनी त्याचे चार भाग केले होते. टिकाऊ गुण सांगणारे शब्द ४,५०४ निघाले. सगळ्यांत मोठा भाग होता ५,२२६ शब्दांचा, आणि त्यात होती निव्वळ शेरेबाजी. समोरचा कसा आहे यापेक्षा तो आपल्याला कसा वाटतो, हे सांगणारे शब्द. शास्त्रज्ञांनी ते बाजूला ठेवले, कारण त्यांना वर्णन हवं होतं, निवाडा नको होता.

मराठीत ही चाळणी लावायला गेलं तर हातात काय उरेल? आपल्याकडे निवाडा शब्दाच्या शेपटीतच बसलेला असतो. ‘खोर’ हा फारसी प्रत्यय बघा. खाणे या अर्थाच्या क्रियापदातून तो आला. भांडखोर, चुगलखोर, लाचखोर, नफेखोर: या पंक्तीत एकही भला माणूस जेवायला बसलेला नाही. उलट ‘आळू’. हा संस्कृतातून आला, दयाळू-कृपाळूंच्या सोबतीने, आणि सोबतीचा गुण त्याला लागला. झोपाळू, लाजाळू, विसराळू यांत कौतुक करण्यासारखं फार काही नाही, पण कुणाला विसराळू म्हटलं की राग अर्धा उतरलेला असतो. भांडखोराच्या वाट्याला ती सवलत नाही. ‘मानभावी’ची कथा तर याहून करुण. महानुभाव या आदराच्या शब्दाचं बोलण्यात मानभाव झालं, आणि महानुभाव पंथाविषयीच्या लोकांच्या पूर्वग्रहातून त्याचा अर्थ वरून साळसूद, आतून बेरकी असा होऊन बसला. कोशात हा शब्द स्वभावविशेषण म्हणून नोंदवला जाईल. खरं तर त्यात म्हणणाऱ्याचाच स्वभाव जास्त दिसतो.

इंग्रजीतल्या ‘पर्सनॅलिटी’चं मूळ लॅटिन ‘पर्सोना’, म्हणजे नटाचा मुखवटा. ज्यातून आवाज घुमतो तो मुखवटा, अशी एक व्युत्पत्ती रोमन काळापासून सांगितली जाते. ऐकायला गोड आहे, पण भाषाशास्त्रज्ञांचा कल एट्रुस्कन ‘फेर्सू’कडे आहे, इटलीत तार्क्विनियाच्या एका प्राचीन थडग्यात मुखवटा घातलेल्या आकृतीशेजारी हा शब्द लिहिलेला आढळतो. आपली ‘व्यक्ती’ नेमकी उलट्या दिशेने आली. वि + अञ्ज्, म्हणजे उघड करणे. याच धातूपासून डोळ्यांतलं अंजन आणि दिवाळीचं अभ्यंग आलं. तिकडे झाकणारी वस्तू, इकडे उघड होण्याची क्रिया. दोघांना एकाच पाठ्यपुस्तकात एकमेकांचे प्रतिशब्द म्हणून नांदावं लागतं. शिवाय आपली व्यक्ती स्त्रीलिंगी. मिशाळ पहिलवानालाही आपण ‘ती व्यक्ती’ म्हणतो आणि कुणाला काही वाटत नाही. तिच्यापासून बनलेलं ‘व्यक्तिमत्त्व’ लिहिताना दोन त लागतात, कारण मत् आणि त्व असे दोन तुकडे त्यात आहेत. निम्मे फलक एकावरच भागवतात.

हा पुस्तकी शब्द रुळण्याआधी माणसं ‘खोड’ आणि ‘वळण’ या दोन शब्दांवर काम भागवत. ती खोड जित्याची, म्हणजे मेल्याशिवाय न जाणारी. वळण मात्र लावावं लागतं, माणसाला आणि अक्षरालाही. उपजत काय आणि संस्काराचं काय, हा मानसशास्त्रातला जुना वाद म्हणींनीही दोन्ही बाजूंनी लढवला आहे. ‘खाण तशी माती’ हा एक पक्ष. दुसऱ्या पक्षाचा पवळ्या ढवळ्याशेजारी बांधलेला आहे: वाण नाही पण गुण लागला. हा ‘वाण’ वर्णापासून आलेला, म्हणजे रंग. तो बदलत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये स्टॅनफर्डला लहान मुलांसमोर मोठ्यांना एक फुगीर बाहुली बडवायला लावली, आणि मुलांनीही मग ती तशीच बडवली. पवळ्याने मान डोलावली असती.

बुद्धीच्या वाढीकडे वळलं की ‘समज’ आणि ‘अक्कल’ समोर येतात. समजणे हे सम् + बुध् पासून आलेलं, आणि बुध् म्हणजे जागं होणे. ‘अक्कल’ अरबी, तिचं मूळ उंटाचा पाय बांधून ठेवण्याच्या क्रियेत आहे. एक शब्द जागं करतो, दुसरा आवरून धरतो. मुलांच्या बुद्धीची वाढ अभ्यासणारे जाँ पियाजे यांचा पाण्याचा प्रयोग या दुसऱ्या अर्थाशी चांगला जुळतो. सारख्या दोन पेल्यांत सारखं पाणी. मुलाच्या देखत एकातलं पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतायचं. चार-पाच वर्षांचं मूल सांगतं, उंच पेल्यात जास्त आहे. नजर उंचीमागे पळते आणि तिला बांधणारं काही नसतं. सातएक वर्षांचं झालं की ते म्हणतं, उंच आहे पण अरुंदही आहे. उंटाचा पाय बांधला गेला.

हे बांधतं कोण? पियाजे यांच्या मते मूल स्वतःच, वस्तू हाताळत, चुकत, जुळवत. रशियातले लेव्ह व्हिगॉट्स्की म्हणत की जाणत्या माणसाच्या बोलण्यातून आणि मदतीतून. दोघेही १८९६ चे. आपण ‘त्याला आता समज आली’ म्हणतो तेव्हा पियाजेंच्या बाजूने असतो. पण समज दिलीही जाते. फक्त ती बहुधा पोलीस किंवा मुख्याध्यापक देतात, आणि तिच्यातून व्हिगॉट्स्कींना अपेक्षित असं काही निष्पन्न होत असेल असं वाटत नाही. अक्कल तर दोन्ही पंथांना वाकुल्या दाखवत नुकसानीतून येते आणि थेट अक्कलखाती जमा होते.

एरिक एरिक्सन यांनी पौगंडावस्थेतल्या पेचाला ‘मी कोण’ या प्रश्नाचं नाव दिलं. सावत्र वडिलांचं होम्बुर्गर हे आडनाव मागे सारून अमेरिकेत त्यांनी घेतलेलं ‘एरिक्सन’, म्हणजे एरिकचाच मुलगा. त्यांच्या या संकल्पनेसाठी मराठीत ‘अस्मिता’ वापरतात. पतंजलीच्या योगसूत्रांत अस्मितेची गणना पाच क्लेशांत आहे. आमच्याकडे तिच्या नावाने सभा होतात.

उरली ‘साठी बुद्धी नाठी’. नाठी म्हणजे नष्ट, प्राकृतातल्या ‘णट्ठ’वरून आलेली. यादी छाटणाऱ्या त्याच कॅटेल यांनी बुद्धीचे दोन प्रकार सांगितले. नवं कोडं झटपट सोडवणारी प्रवाही बुद्धी तरुणपणानंतर हळूहळू उतरते. साठवलेल्या ज्ञानाची घट्ट बुद्धी साठीतही बरीचशी शाबूत राहते. वॉर्नर शाय यांनी १९५६ पासून सिएटलमध्ये त्याच त्या माणसांना दर सात वर्षांनी तपासलं, तेव्हा बहुतेक क्षमतांची ठळक घसरण साठीच्या आसपास किंवा त्यानंतरच दिसली. घट्ट बुद्धी मोजण्याची नेहमीची चाचणी कोणती, तर शब्दांचे अर्थ विचारणे. ‘नाठी’चा अर्थ वीस वर्षांच्या पोराला विचारून बघा, आणि मग त्याच्या आजीला.