गारगोटीच्या ओट्याचे मोल

स्वयंपाकघरातील ओटा हा इतिहासाचा विषय व्हावा, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि गेल्या अर्धशतकात त्या ओट्यावरचा दगड पालटला आणि त्याची खरी किंमत कोण भरतो, हा प्रश्न अनेक देशांच्या सरकारांपुढे उभा राहिला.

दख्खनच्या घरांना शहाबादी फरशी आणि काळा कडप्पा हे दगड पिढ्यान्‌पिढ्यांचे परिचित. दोन्ही चुनखडकाच्या जातीचे, म्हणून कापावयास सोपे व खिशाला परवडणारे. परंतु लिंबाचा किंवा चिंचेचा आंबटपणा लागला की त्यांची झिलई जाते. संगमरवराचीही तीच गत. ग्रॅनाइट कणखर खरा, पण त्याचा रंग निसर्ग देईल तोच घ्यावा लागतो.

ही उणीव इटलीतील एका यंत्रविद्येने भरून काढली. मार्चेल्लो तोंचेल्ली यांनी १९६३ साली त्रेव्हीझो प्रांतात ब्रेतोन हा उद्योग स्थापन केला. तेथे पुढे विकसित झालेल्या पद्धतीत गारगोटीचा, म्हणजेच क्वार्ट्झचा, चुरा राळेत व रंगात कालवून निर्वात जागेत कंपनाने दाबतात आणि उष्णतेने घट्ट करतात. वजनाच्या सुमारे नऊ दशांश भाग गारगोटीचाच. रानोमाळ पडणारी ही वस्तू अशा रीतीने मोलाची झाली. इस्राएलमधील स्दोत याम या सामुदायिक वसाहतीत १९८७ साली असा कारखाना निघाला. नंतर स्पेन, चीन व भारत येथेही निघाले. माल वाढला, भाव उतरले. इतके की, अमेरिकेने चिनी मालावर २०१९ मध्ये, तर भारतीय व तुर्की मालावर २०२० मध्ये जादा आयातकर बसविला.

गिऱ्हाइकाच्या हाती येणाऱ्या हिशेबात मात्र लादीचा चौरस फुटाचा दर हा एकच आकडा नसतो. मोरीचे भोक पाडणे, कडा गोल करणे, घासणे, वाहतूक आणि बसविणे यांचीही मजुरी त्यात असते. ही कामे प्रचंड कारखान्यात नव्हे, तर बहुधा छोट्या कार्यशाळेत हातयंत्राने होतात. पाणी सोडून कापले तर चिखल होतो व वेळ लागतो. कोरडे कापले तर काम लवकर उरकते, पण सूक्ष्म धूळ उडते. ती श्वासावाटे छातीत गेली की फुप्फुसांना व्रण पडून ती कठीण होत जातात. हाच सिलिकोसिस. त्यातून बरे करणारे औषध नाही.

हा रोग नवा नव्हे. पाथरवटांच्या छातीचे विकार रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली नोंदविले होते. माळव्यातील मंदसौरचे पाटीवरच्या पेन्सिली कापणारे मजूर आणि खंभातचे अकीक घासणारे कारागीर यांनीही तो भोगला. फरक प्रमाणाचा आहे. ग्रॅनाइटात सिलिकाचा अंश साधारणपणे एक तृतीयांशाच्या आसपास, संगमरवरात अत्यल्प, तर या कृत्रिम दगडात नव्वद टक्क्यांच्याही वर. त्यामुळे पूर्वी दशके घेणारा रोग काही वर्षांतच तरुणांना गाठू लागला. इस्राएलमधील डॉक्टरांनी फुप्फुसरोपणाच्या विचारासाठी आलेल्या अशा २५ कामगारांचा वृत्तान्त २०१२ साली प्रसिद्ध केला; ते सर्व कोरडी कापणी करणारे होते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या दगडाचे उत्पादन, विक्री व बसवणी यांवर बंदी घातली. असे करणारा तो पहिला देश. त्यानंतर सिलिका कमी असलेल्या किंवा मुळीच नसलेल्या लाद्या करण्याकडे उत्पादक अधिकाधिक वळू लागले.

एकदा बसविलेला ओटा घरच्यांना अपाय करीत नाही. धोका आहे तो कापणाराला, आणि कित्येकदा कापणी घराच्याच अंगणात वा जिन्यात होते. यास्तव दर ठरविताना पाणी, धूळ शोषणारे यंत्र व योग्य मुखपट्टी यांचा खर्च त्यात धरला आहे की नाही, हेही गृहस्थाने विचारावे. तो खर्च गाळून जो दर स्वस्त होतो, त्याची उरलेली रक्कम कामगाराच्या छातीतून वसूल होते.