किती दिवस थांबवायचे?

इ. स. १३७७ मध्ये एड्रियाटिक समुद्राकाठच्या रगूझा या व्यापारी नगराने एक कायदा केला. प्लेगच्या मुलखातून येणाऱ्या कोणालाही थेट नगरात पाऊल टाकता येणार नाही. त्याने जवळच्या ओसाड बेटावर किंवा शेजारच्या एका गावी महिनाभर राहायचे आणि मगच वेशीच्या आत यायचे. हे रगूझा म्हणजे आजच्या क्रोएशियातील दुब्रोव्हनिक. व्यापारावर जगणाऱ्या गावाला दरवाजे कायमचे बंद करणे परवडणारे नव्हते, म्हणून हा मधला मार्ग. पुढे इतर बंदरांनी तो उचलला आणि तीस दिवसांचे चाळीस झाले. इटालियन भाषेत चाळीसला 'क्वारांता' म्हणतात. त्यावरूनच आपला 'क्वारंटाईन' हा शब्द आला.

चाळीसच का? या आकड्यामागे धर्मग्रंथांतले चाळीस दिवसांचे उपास होते, जुन्या वैद्यकातले काही समज होते. मोजमाप मात्र कोणतेच नव्हते. आज प्रश्न विचारण्याची रीत आपल्याला ठाऊक आहे. रोगजंतू शरीरात शिरल्यापासून पहिले लक्षण दिसेपर्यंत जो काळ जातो त्याला परिपाककाल म्हणतात. प्रवाशाला तेवढा काळ नजरेखाली ठेवले आणि तो धडधाकट राहिला, तर त्याने रोग आणलेला नाही असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. गाठीच्या प्लेगचा परिपाककाल एका आठवड्याच्या आतला असतो. म्हणजे व्हेनिस, मार्सेय या बंदरांत माणसे गरजेच्या पाच-सहापट दिवस अडकून पडत होती.

पण दिवस जास्त ठेवल्याने रोग हमखास अडतो असेही नाही. मे १७२० मध्ये 'ग्रां-सेंट-आंतुआन' हे जहाज पूर्व भूमध्य समुद्राकडून कापड व कापूस घेऊन मार्सेयला आले. वाटेत जहाजावर माणसे मेली होती. माल मात्र बोकेरच्या जत्रेसाठी हवा होता, आणि त्या मालात शहराच्या एका प्रमुख अधिकाऱ्याची भागीदारी होती. नियम वाकवले गेले आणि माल बंदराच्या इस्पितळात उतरला. पुढच्या दोन वर्षांत मार्सेयची जवळजवळ निम्मी वस्ती प्लेगने गेली.

आता थोडे गणित करू. शिडाच्या जहाजाला मुंबईहून आफ्रिकेला वळसा घालून इंग्लंडला जायला चार-पाच महिने लागत. समजा, निघताना एका खलाशाच्या पोटात पटकीचे जंतू आहेत. पटकीचा परिपाककाल काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत. साथ जहाजावरच भडकणार, काही मरणार, उरलेले बरे होणार, आणि जहाज पोहोचेपर्यंत रोग बहुधा संपलेला असणार. लांबचा समुद्रप्रवास हाच एक क्वारंटाईन होता, तोही कोणी न लादलेला! आगबोटी आल्या, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आणि मुंबईहून सुएझ पंधरवड्याच्या आत गाठता येऊ लागले. निसर्गाने घातलेला पहारा माणसाने स्वतः उठवला. आता कागदाचा पहारा बसवणे भाग होते.

तो कसा बसवायचा यावर युरोपातील सरकारे १८५१ पासून परिषदा भरवत होती. पहिली परिषद पॅरिसला झाली. बारा राज्यांनी प्रत्येकी एक वैद्य आणि एक मुत्सद्दी धाडला. सहा महिने खल झाला, पण पटकी संसर्गाने पसरते की दूषित हवेने, यावर वैद्यांचे एकमत होईना. १८६५ मध्ये मक्केच्या यात्रेकरूंत पटकीची मोठी साथ आली, आणि १८६६ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने बोट हिंदुस्थानाकडे दाखवले. ब्रिटिशांना ते मानवेना. क्वारंटाईनमुळे खोळंबणार होती ती मुख्यतः त्यांचीच जहाजे. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीचा जंतू निर्विवाद दाखवून दिला, तरीही पुढच्याच वर्षी रोमच्या परिषदेत ब्रिटिशांचा विरोध कायम होता. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी गोष्ट परिषदेच्या टेबलावर मान्य व्हायला आणखी वर्षे जावी लागली. सर्वांना बांधणारा पहिला करार झाला तो १८९२ साली, व्हेनिसला.

यानंतरचे प्रकरण थेट आपल्या दारात घडले. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी एका रुग्णाचे निदान गाठीचा प्लेग असे केले. दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये हीच साथ होती आणि तिथेच यर्सिन यांनी तिचा जंतू शोधला होता. साथ बहुधा तिकडूनच जहाजाने आली. थोड्याच महिन्यांत मुंबईतून लाखो लोक गावोगाव पळाले आणि युरोपातील बंदरांनी मुंबईच्या जहाजांचा धसका घेतला.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी हिंदुस्थान सरकारने साथरोग कायदा केला. तो जेमतेम एका पानाचा आहे. शिक्षकांनी वरच्या वर्गात वाचून दाखवावा असा. बंदर सोडणाऱ्या वा बंदरात येणाऱ्या कोणत्याही जहाजाची तपासणी करावी, ते जहाज अडकवून ठेवावे, त्यातून जाऊ इच्छिणाऱ्यालाही रोखावे, असे अधिकार त्यात आहेत. किती दिवस रोखायचे हे मात्र कायद्यात नाही. तो आकडा त्याच फेब्रुवारीत, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या आग्रहावरून, व्हेनिसला भरलेल्या नव्या परिषदेत ठरत होता. १९ मार्चला करार झाला. प्लेगसाठी दहा दिवस धरण्यात आले. त्या वर्षी मुंबईहून निघणारी हज यात्राही सरकारने थांबवली. एरवीही हिंदी यात्रेकरूंना तांबड्या समुद्राच्या तोंडाशी कामरान बेटावर तुर्की सरकारच्या क्वारंटाईन तळात उतरवले जाई. डेकवरून प्रवास करणाऱ्या गरीब यात्रेकरूला तिथे उघड्या वाळवंटी बेटावर दिवस काढावे लागत, आणि वर त्याचे शुल्कही द्यावे लागे.

देशाच्या आतही हेच दहा दिवस अवतरले. मद्रास इलाख्यात प्लेगच्या भागातून येणाऱ्या रेल्वे प्रवाशाला 'प्लेग पासपोर्ट' मिळे, आणि तो घेऊन त्याने दहा दिवस अधिकाऱ्यापुढे हजेरी लावायची. पुण्यातील घरझडत्यांचा आणि रँडच्या खुनाचा इतिहास वाचकांना माहीत आहेच. हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे टोचल्याचा दाखला दाखवणाऱ्याला काही बंधनांतून सूट मिळू लागली. लसीचा कागद दाखवा आणि पुढे जा, ही कल्पना २०२१ सालची नव्हे, ती अशी जुनी आहे.

या सगळ्यात एक मोठी गोम होती. दहा दिवस अडवले जात होते ते माणसांना. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत एका प्रयोगात दाखवून दिले की आजारी उंदराच्या अंगावरची पिसू निरोगी उंदरावर गेली की प्लेगही जातो. उंदरांचा एकमेकांशी स्पर्श होण्याची गरजच नव्हती. बहुतेकांनी ते हसण्यावारी नेले. परळच्या प्रयोगशाळेत १९०५ पासून झालेल्या प्रयोगांनी सिमों यांचे म्हणणे खरे ठरवले. म्हणजे डेकवरचा यात्रेकरू बेटावर बसून दिवस मोजत होता, आणि उंदीर नांगराच्या दोरावरून खुशाल धक्क्यावर उतरत होता. १९०३ च्या पॅरिस कराराने प्लेगचे दिवस दहावरून पाचवर आणले आणि जहाजावरच्या उंदरांकडे लक्ष वळवले. १९२६ पासून जहाजाला उंदीर मारल्याचा दाखला सहा-सहा महिन्यांनी घ्यावा लागू लागला. बंदरात गेलात तर जहाजाच्या दोरांवर पत्र्याच्या गोल चकत्या अडकवलेल्या दिसतील. उंदराला दोरावरून चालता येऊ नये म्हणून त्या असतात. आमच्या मते त्या चकतीने प्लेग अडवण्याचे जेवढे काम केले असेल तेवढे कामरानच्या तळाने खचितच केले नाही.

विमान आल्यावर प्रवासाचा काळ जवळजवळ शून्यावर आला. भारतासाठी खरी धास्ती होती पीतज्वराची. हा विषाणूजन्य रोग आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत आढळतो. तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्याकडे गावोगाव आहे. डेंग्यू पसरवतो तो हाच. रोगाला बळी पडू शकतील अशी माणसे आहेत, माकडे आहेत. नाही तो फक्त विषाणू. शिडाच्या जहाजाला जे अंतर काटायला महिने लागत ते विमानाने एका दिवसात कटते, आणि पीतज्वराचा परिपाककाल तीन ते सहा दिवसांचा आहे. म्हणजे लागण झालेला माणूस ठणठणीत अवस्थेत उतरणार. म्हणून आपल्याकडे नियम असा की बाधित देशातून येणाऱ्याने लशीचा दाखला दाखवायचा, नाहीतर डास शिरू न शकणाऱ्या खोलीत सहा दिवस राहायचे. लस टोचल्यावर दाखला दहा दिवसांनी वैध होतो, कारण प्रतिपिंडे तयार व्हायला तेवढा अवधी लागतो. इथे प्रत्येक आकड्याला जीवशास्त्रातले कारण आहे. मॅक्स थायलर यांची १९३७ ची लसही अतिशय परिणामकारक आहे. सरकारांनी घातलेल्या अटींमध्ये इतकी नेमकी अट आम्हाला दुसरी दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या नियमांनाही भारताने पीतज्वरापुरती आपली वेगळी, अधिक कडक भूमिका नोंदवून ठेवली आहे. ती अतिसावध वाटत असेल तर २०१६ आठवावे. अंगोलात साथ असताना तिथून परतलेल्या ११ प्रवाशांत चीनमध्ये पीतज्वर आढळला. आशियात निदान झालेले हे पहिले रुग्ण. सुदैवाने तो तिथल्या डासांत शिरला नाही.

पटकीच्या दाखल्याची कथा नेमकी उलटी. तेव्हाची टोचण्याची लस थोडे महिनेच आणि अर्धवट संरक्षण देई, आणि टोचलेला माणूसही जंतू वाहून नेऊ शके. १९६१ मध्ये इंडोनेशियातून निघालेली पटकीची सातवी जागतिक साथ दाखल्यांना न जुमानता पसरत गेली. शेवटी १९७३ मध्ये हा दाखला आंतरराष्ट्रीय नियमांतून वगळण्यात आला. देवीचा दाखला मात्र देवी संपल्यामुळे गेला.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली. पन्नासहून थोडे अधिक मृत्यू झाले. जागतिक आरोग्य संघटनेने प्रवासबंदीची शिफारस केली नव्हती, तरी अनेक देशांनी भारताची विमाने थांबवली, माल अडवला. आखाती देशांत नोकरीला निघालेले लोक मुंबईत अडकले. प्लेगचा परिपाककाल, त्यावरची साधी प्रतिजैविके, हे सारे ठाऊक असूनही घबराट १८९७ सारखीच होती. रोग कळवला तर शिक्षा होते, हा धडा यातून इतर देशांनी घेतला असल्यास नवल नाही. २००३ च्या सार्स साथीत वेगळा प्रयोग झाला. प्रवाशांचा ताप यंत्राने मोजायचा! कॅनडाने सुमारे ६५ लाख तपासण्या केल्या. त्यांत सार्सचा एकही रुग्ण सापडला नाही. परिपाककालात ताप नसतोच, मग तो यंत्राला कसा सापडणार?

कोविडच्या वेळी, २०२० मध्ये, जग चौदा दिवसांवर येऊन थांबले. या आकड्याचे वर्गात चांगले विवेचन करता येईल. परिपाककाल हा एक आकडा नसून आकड्यांचा पसारा असतो. सुरुवातीच्या विषाणूत निम्म्या रुग्णांना साधारण पाच दिवसांच्या आत लक्षणे दिसत, आणि ज्यांना लक्षणे दिसत त्यांच्यातील सुमारे साडेसत्त्याण्णव टक्क्यांना साडेअकरा दिवसांच्या आत. पाच दिवस ठेवले तर निम्मे निसटतात. चौदा ठेवले तर शंभरातले एखाददुसरे. किती निसटलेले चालतील हे विषाणू सांगत नाही, ते माणसांना ठरवावे लागते. शिवाय लक्षणेच न दाखवणारे बाधित होतेच. म्हणून जोडीला ७२ तासांच्या आतली चाचणी मागितली जाऊ लागली. मार्च २०२० मध्ये भारताने नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा बंद केली, ती २७ मार्च २०२२ ला पूर्ववत झाली. महाराष्ट्रासह राज्यांनी यासाठी जो कायदा उपसून काढला तो १८९७ चाच, एका पानाचा.

आणि जुना खेळही पुन्हा झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनने जाहीर केले की ४ ऑक्टोबरपासून भारतात लस घेतलेल्यांना लस न घेतलेल्यांप्रमाणेच दहा दिवस क्वारंटाईन. पुण्यात तयार होणारी कोविशील्ड ही मुळात ऑक्सफर्डचीच लस. भारताने हरकत घेतल्यावर लशीचे नाव यादीत आले, पण भारतीय दाखला मान्य झाला नाही. मग भारतानेही ४ ऑक्टोबरपासून ब्रिटनहून येणाऱ्या ब्रिटिश नागरिकांना दहा दिवस लावले. ११ ऑक्टोबरला ब्रिटनने कोविशील्ड घेतलेल्या भारतीयांची अट काढली, आणि दोन दिवसांनी भारताने आपली. मधल्या काळात दोन्ही देशांतली हजारो माणसे विमानाची तिकिटे बदलत होती, आणि भारतीय दाखल्यावर जन्मवर्षाऐवजी पूर्ण जन्मतारीख छापण्याची सोय झाली.