दुर्बलतेचे मोजमाप : ओझरचा दाखला

राष्ट्राच्या साहाय्याचा निकष केवळ उत्पन्न नसावा, त्याची स्थितिजन्य दुर्बलताही मोजावी, या विचारातून सिद्ध झालेला बहुमितीय निर्देशांक संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२४ साली पुढे नेला. आपली आणेवारी (आणे गेल्यावर पैसेवारी) मोजते ते त्या हंगामाचे पीक; गावाचे स्थान तीत येत नाही. ओझरची शेती वाघाड कालव्याच्या अखेरीस. शेतकरी त्यास ‘टेल’ म्हणतो. शब्द परका खरा, परंतु आमच्या पारिभाषिक ‘असुरक्षितते’हून नेमका. वरची शिवारे भिजल्यावर उरेल ते पाणी टेलचे. यात कष्टांची उणीव नव्हे. १९९० च्या सुमारास बापू उपाध्ये प्रभृतींच्या प्रेरणेने येथे पाणीवापर संस्था स्थापन झाल्या व पाणी घनमापाने मोजून घेतले जाऊ लागले. २००५ च्या राज्य अधिनियमाने हीच पद्धती स्वीकारली.